हिरवा बोया

१२ सप्टेंबर, ऑल्टन

तीस वर्षं टोबोटीवर, मालाचे तराफे म्हणजे बार्जेस ढकलणाऱ्या बोटीवर, कॅप्टन म्हणून रोज लॉगबुक भरलं. कुठून सुटलो, कधी सुटलो, पाणी किती, वारा कुठला. लॉगबुकात मनातलं लिहायचं नसतं, ते मालक वाचतात. ही वही माझी आहे. लिओनाला बजावलंय की हिला हात लावायचा नाही. ती म्हणाली, "तुझ्या मनात काय चाललंय ते कळायला मला वही लागत नाही, ऑरिन."

बोट आज ताब्यात आली. छत्तीस फूट लांब, एक डिझेल इंजिन, खाली झोपायची खोली आणि दोन माणसांपुरतं स्वयंपाकघर, वर सुकाणू. नाव 'मिस पेगी'. आधीच्या मालकाच्या बायकोचं. लिओनाला ते खटकतं. "मी काय दुसऱ्या बाईच्या नावाखाली झोपायचं?" मी म्हटलं, नाव बदलणं अशुभ असतं. "लग्नात माझं बदललंस तेव्हा नाही सुचलं हे?"

बेत असा: मिसिसिपीनं खाली केरोपर्यंत, तिथून ओहायोनं वर पड्यूकाला, आणि मग टेनेसी नदी धरून जमेल तितकं वर. मिसिसिपी आणि ओहायोवर माझी हयात गेली. टेनेसीवर कधी गेलो नाही, म्हणूनच जायचंय.

चौदा महिने केप जिरार्डोच्या घरात काढले. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. लोक विचारतात, चौसष्टाव्या वर्षीच का सोडलीस? ऑफिसात नवा साहेब आला, वयानं माझ्या मुलीएवढा. शिवाय दर वर्षीची डॉक्टरी तपासणी, कागद, शिक्के. वैताग आला आणि सोडली. एवढंच.

हल्ली दुकानातली पेनं फारच फिकट लिहितात. खोक्यांवर नाव घालायचा जाड काळा मार्कर आणलाय. एका पानावर जेमतेम बारा ओळी बसतात. वही लवकर संपणार.

१४ सप्टेंबर, सेंट लुईसच्या खाली

पहिलं लॉक, म्हणजे बोटी खालच्या पाण्यात उतरवायचा दरवाजांचा हौद, सकाळी ओलांडलं. आत शिरलो, मागचे दरवाजे मिटले, पाणी उतरत गेलं. भिंत मधोमध पोट सुटल्यासारखी फुगलीय. एवढं काँक्रीट, आणि कुणाचं लक्ष नाही! वर उभ्या असलेल्या माणसाला ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "कॅप, ही भिंत मी आलो तेव्हापासून सरळच आहे." सरकारी माणूस, तो दुसरं काय बोलणार!

सेंट लुईसच्या बंदरात दोन्ही काठांना बार्जेस आणि मधे टोबोटींची ये-जा. लिओनानं कठडा घट्ट धरला होता. मी मात्र शीळ घालत काढली बोट. इथला प्रत्येक पूल मला पाण्याच्या आवाजावरून ओळखता येतो. कुठला खांब आला, कुठं पाणी ओढतं, कुठं गप्प होतं, सगळं पाठ आहे.

लिओनाला शिकवायला सुरुवात केलीय. पाण्याची खोली, बोयांचे, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचे आकडे, समोर काय आहे, सगळं तिनं मोठ्यानं वाचायचं. मला गरज नाही, पण शिकायचं तर असंच. ती कुरकुर न करता वाचते, याचं नवल वाटतं. मी काही सांगितलं की छोट्या वहीत खरडते. पाककृती असाव्यात.

१६ सप्टेंबर

समोरच्या पडद्यावर नदीचा नकाशा दिसतो. त्याच्या बरोबर मधे डाग पडलाय. व्हिनेगर लावून पुसला. जात नाही. लिओना म्हणते पडदा स्वच्छ आहे. उजेडाकडे पाठ करून बघितलं की असंच म्हणणार.

१७ सप्टेंबर, केपच्या खाली

आज दुपारी आमच्या गावावरून गेलो. लिओनाला एक दिवस थांबायचं होतं. बहिणीला भेटायचं, टपाल बघायचं, खऱ्या टबात आंघोळ करायची. मी म्हटलं, आत्ताच तर निघालोय. थांबलो की बूड जड होतं. ती मागं जाऊन उभी राहिली आणि गावाची पूर अडवणारी भिंत दिसेनाशी होईपर्यंत तिकडंच बघत होती.

खरं लिहायचं तर मला तिची थोडी भीती वाटते. लग्नाला अडतीस वर्षं झाली. त्यात मी अठ्ठावीस दिवस पाण्यावर, अठ्ठावीस दिवस घरी. लिओना हिशेब करून सांगते, "आपलं लग्न अडतीस वर्षांचं नाही, एकोणीस वर्षांचं आहे." घरी आलो की ती पाहुण्यासारखं करायची. पंधराव्या दिवशी मी काहीतरी बिघडवायचो, विसाव्या दिवशी ती भांडी आपटायची, अठ्ठाविसाव्या दिवशी दोघंही खूष. सलग दोन महिने आम्ही एकमेकांसमोर न्याहारी केलेलीच नाही. आता या बोटीवर दहा पावलं चाललं की एकमेकांवर आदळतो. जमेल का, माहीत नाही. हलत राहिलं तर जमेल असं वाटतं.

मान दुखते. थोडं तिरकं बघितलं की बरं दिसतं. लिओना म्हणाली, "माझ्याकडे कोंबडीसारखं काय बघतोस?"

१९ सप्टेंबर

केरोला ओहायोत वळलो. प्रवाह आता उलटा. इंजिन कण्हतंय.

२१ सप्टेंबर, पड्यूका

धक्क्यावर एकानं माझा हात धरला आणि हलवतच राहिला. मी म्हटलं, "हो, हो, नमस्कार." त्यानं "कॅप!" म्हटलं तेव्हा आवाजावरून कळलं. वेस्ली! अकरा वर्षं माझ्या हाताखाली खलाशी होता. किती बदललाय, चेहराच राहिला नाही. लिओनाला म्हटलं, बिचाऱ्याला काहीतरी आजार असणार. ती म्हणाली, "वेस्ली होता तसाच आहे. तुझ्यासमोर अर्धा मिनिट हसत उभा होता."

तिघांनी बोटीवर कॉफी घेतली. मी ओतायला गेलो आणि अर्धी टेबलावर. हे पांढरे कप, पांढरा टेबलक्लॉथ, कुणाला दिसणार!

वेस्ली निघताना लिओना त्याच्याबरोबर धक्क्यावर गेली. बराच वेळ बोलत होती. तो मधेमधे मान हलवत होता. परत आल्यावर विचारलं, काय एवढं? "त्याच्या बायकोची चौकशी केली." त्याची बायको चार वर्षांपूर्वीच सोडून गेली, हे तिनंच मला सांगितलं होतं.

दोन तास थांबलो तेवढं पुरे झालं. उद्या पहाटे टेनेसीत.

२४ सप्टेंबर

केंटकी धरणाच्या लॉकपाशी सहा तास ताटकळलो. आधी बार्जेस, मग आम्ही. चार वेळा इंजिन तपासलं, दोन वेळा दोर गुंडाळले, सोडले. लिओना स्वेटर विणत बसली होती. तिला असं बसता येतं याचा मला राग येतो.

धरणाच्या वर नदी राहत नाही, सरोवर होतं. नजर पोचत नाही एवढं पाणी. पण खोल पाणी जुन्या नदीपुरतंच, एका पट्ट्यात. त्याच्या बाहेर उथळ, आणि खाली बुडालेल्या झाडांचे बुंधे. पट्ट्याच्या कडेला बोये. वर जाताना लाल उजवीकडे ठेवायचा, हिरवा डावीकडे. पोरंटोरंही शिकतात हे.

तरी आज दोनदा बुंध्यांना घासलो. इथले बोये जागचे हलवलेले दिसतात. लिओना अखंड बोलते. "तो लाल, तीनशे फुटांवर. हिरवा आला, डावीकडे. समोर पूल, मधल्या कमानीतून." शेवटी मी ओरडलो, "मला डोळे आहेत!" तिनं तोंड मिटलं. दहा मिनिटांनी पुन्हा हळूच, "लाल."

२८ सप्टेंबर

काल जे झालं ते नीट लिहितो. 

सकाळचे दहा. हवा स्वच्छ. पॅरिस लँडिंग अजून आठ मैल. पाणी मोकळं होतं म्हणून मी इंजिन पूर्ण वेगानं सोडलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा बोट खरी धावली आणि मला बरं वाटलं. लिओना खाली अंडी तळत होती. तिला म्हटलं होतं, पंधरा मिनिटं गप्प बस, खा-प्यायचं बघ, मी बघतो काय बघायचं ते.

समोर हिरवा बोया होता. बाजूनं कळला, उभा, हिरवा, थोडा डुलणारा. सरळ बघितलं की विरघळायचा, नजर हलवली की परत यायचा. ऊन पाण्यावरून डोळ्यांत येत होतं. हिरवा म्हणजे डावीकडे. मी त्याच्या उजव्या अंगानं काढायचं ठरवलं, अगदी जवळून, कारण पलीकडे किती खोल आहे ते सांगायला कुणी नव्हतं.

मग लिओना किंचाळली. ती कधी वर आली कळलं नाही. तिनं इंजिनाचा दांडा मागं खेचला आणि मला खांद्यानं ढकलून चाक उजवीकडे फिरवलं. बोट एवढी कलली की खाली कपाटातलं सगळं जमिनीवर आलं. डाव्या बाजूनं काहीतरी सरकत गेलं, आणि त्या काहीतरीला आवाज होता. माणसाचा.

तो बोया नव्हता. चपट्या होडीत उभा राहून गळ टाकणारा एक म्हातारा होता. अंगात हिरवा रेनकोट.

आमची होडीला धडक बसली नाही. दोन हात अंतर राहिलं असेल. पण आमच्या लाटेनं त्याची होडी उचलली आणि पालथी घातली. तो पाण्यात. पायात गमबूट. लिओना ओरडली, "दोर टाक!" मी आयुष्यभर दोर टाकलेत. शंभर फुटांवरच्या खुंटीत फास बसवलेत, पैजा जिंकल्यात. दोनदा टाकला आणि दोनदा चुकला. "डावीकडे! आणखी डावीकडे!" ती सांगत होती. तिसऱ्यांदा त्यानं पकडला. शिडीवरून वर घ्यायला आम्हाला दोघांची ताकद लागली. तो नुसता खोकत होता.

बोलता आलं तेव्हा त्याचा पहिला शब्द: "आंधळा आहेस का रे?"

त्याला खाली नेलं. लिओनानं तिचा जांभळा बाथरोब दिला, कॉफी दिली. एमॉस लिडेल नाव. वय पंच्याहत्तर. त्याच काठावर राहतो. ओठ निळे पडले होते, पण डोळे माझ्यावरून हलत नव्हते.

"मी टोपी हलवली," तो म्हणाला. "दोन्ही हात हलवले. तू माझ्याकडेच बघत होतास. सरळ माझ्याकडे."

मी त्याला आणखी एक टॉवेल दिला.

"प्यायला होतास का?"

"हो," मी म्हणालो. "दोन-तीन बिअर झाल्या होत्या."

सकाळी दहा वाजता. शेवटचा थेंब मी एक्क्याण्णव साली घेतला. पण ते तोंडातून इतकं सहज आलं की मला स्वतःलाच खरं वाटलं.

लिओना जमिनीवरची फुटकी अंडी गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "खोटं बोलतोय. हा पीत नाही. याला दिसत नाही."



"मग हा चाकावर काय करतोय?" एमॉसनं तिला विचारलं. मला नाही, तिला. मी तिथं नसल्यासारखं.

"तेच मी चौदा महिने स्वतःला विचारतेय."

त्याची होडी ओढून पॅरिस लँडिंगला आणली. लिओनानं आणली. उतरताना एमॉस बाथरोबवरच होता, कपडे पिशवीत. तो मला म्हणाला, "मी कुणाला फोन करणार नाही. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. पण तू पुन्हा त्या चाकावर दिसलास तर करीन."

मला दिसतं. झाडं दिसतात, काठ दिसतो, आभाळ दिसतं. फक्त जिथं बघतो तेवढंच दिसत नाही.

२९ सप्टेंबर

ती वर जेवली, मी खाली.

१ ऑक्टोबर, पॅरिस लँडिंग

बोटीची किल्ली तिच्या गळ्यात आहे, बुटाच्या नाडीत ओवून.

सकाळी मी बॅग भरली. म्हटलं, मी बसनं घरी जातो, तू बघ या पेगीचं काय करायचं ते. ती म्हणाली, "बसथांबा कुठं आहे माहितेय? पाटी वाचता येईल?"

मग फुटलं सगळं. चौदा महिन्यांचं एका तासात. धक्क्यावरचे शेजारी आपापल्या बोटीत जाऊन बसले.

तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. गेल्या वर्षीच्या तपासणीत माझे डोळे नापास झाले, तसा डॉक्टरांकडून घरी फोन आला होता, तो तिनं उचलला. मी आठ दिवसांनी घरी येऊन साहेबाला शिव्या घातल्या, नोकरी सोडली म्हणून सांगितलं. ती मुकाट ऐकत राहिली. मी स्वतःहून सांगेन म्हणून वाट बघत राहिली. वेस्लीलाही पड्यूकात तिनं सांगितलं. म्हणजे आता सगळ्या नदीला कळणार.

"मग आलीस का माझ्याबरोबर?" मी विचारलं. "घरीच का नाही अडवलंस?"

"घरात तू गालिचा झिजवत होतास. वाटलं, पाण्यावर निदान एका जागी बसशील. आणि..." ती थांबली. "तुला शिकवता येतंय तोवर शिकून घ्यावं म्हटलं. पुढे कुणी शिकवणार?"

तिची ती छोटी वही तिनं माझ्यासमोर टाकली. मला वाचता येणार नाही हे लक्षात आल्यावर परत उचलली आणि वाचून दाखवली. वळणावर बाहेरच्या अंगाला पाणी खोल. प्रवाहाविरुद्ध धक्क्याला लागताना आधी पुढचा दोर. टोबोटीच्या मागं उसळतं पाणी, त्यात अर्धा मैल जायचं नाही. पानं आणि पानं. मी बोललेलं सगळं, जसंच्या तसं, माझ्या शिव्यांसकट.

"मी तुला बुडवलं असतं," मी म्हणालो. "त्या म्हाताऱ्याला मारलं असतं."

"हो," ती म्हणाली. "आणि मी मारू दिलं असतं. मला वाटत होतं मी कायम शेजारी उभी असेन. त्या दिवशी तू गप्प बस म्हणालास आणि मला राग आला, म्हणून मुद्दाम खाली जाऊन बसले. हे मी कधी विसरणार नाही, ऑरिन. तूही विसरू नकोस, पण पुन्हा बोलून दाखवू नकोस."

ती रडत होती की काय, सांगता येत नाही. चेहऱ्याच्या जागी डाग. मी हात लावून बघितला. गाल ओले होते.

४ ऑक्टोबर

गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. तरुण, आवाजात घाई नाही. चौकटींचा कागद दिला आणि रेघा कशा दिसतात ते विचारलं. मी म्हटलं, मधे वाकल्यात, कागद नीट छापलेला नाही. मग मलाच हसू आलं. त्या लॉकच्या भिंतीची आठवण झाली.

डावा डोळा गेल्यात जमा. उजव्याचं जे आहे ते टिकू शकेल. त्यासाठी दर चार आठवड्यांनी डोळ्यात औषधाची सुई. पहिली आजच घेतली. वाटतं तितकं दुखत नाही. पण सुई येताना दिसते, बाजूनं.

मी एकच विचारलं, सुकाणू धरता येईल का?

"कशाचं?" बाई म्हणाल्या.

११ ऑक्टोबर

पंधरावा दिवस एकाच धक्क्याला. धक्का दोनशे चौदा पावलांचा आहे. जाऊन येऊन चारशे अठ्ठावीस. कुणी तरी विचारलं, काका, व्यायाम का? हो म्हटलं.

रात्री झोप नाही, दिवसा भूक नाही. मनात येतं, चार आठवड्यांनी सुई म्हणजे कुठल्या तरी गावात खुंटीला बांधलेला बैल झालो. मग मनात येतं, एमॉस पाण्यात खोकत होता. मग पुन्हा बैल. असं दिवसभर.

दुपारी एमॉस आला. बाथरोब धुऊन, घडी घालून. सोबत साफ केलेले मासे. माझ्याकडे बघून म्हणाला, "काय म्हणतात डॉक्टर?" मी सांगितलं. त्यानं मान हलवली असावी. मी म्हटलं, "माझं चुकलं." अजून म्हणालो नव्हतो, एवढ्या दिवसांत. तो म्हणाला, "मासे थंड होण्याआधी तळायला दे." ते मुळात थंडच होते.

जेवताना त्यानं लिओनाला विचारलं, पुढं काय? ती म्हणाली, "अलाबामात फ्लॉरेन्सला डॉक्टर आहे, मी फोन केला होता. पुढची सुई एक नोव्हेंबरला. इथून एकशे नव्वद मैल, वाटेत एक लॉक. रोज पंचवीस-तीस मैल गेलं तरी वेळ उरतो."

मला हे काहीच सांगितलेलं नव्हतं.

"आणि चालवणार कोण?" मी म्हटलं.

एमॉस हसला. इतका हसला की त्याला पुन्हा खोकला आला.

१६ ऑक्टोबर

निघालो. लिओना चाकावर. मी मागं खुर्चीत. पहिल्या तासात मी तिला एकोणतीस वेळा काहीतरी सांगितलं, असं तिचं म्हणणं. तिसाव्या वेळी तिनं इंजिन बंद केलं. भर सरोवरात.

"तू कधी कुणाच्या हाताखाली काम केलंयस?"

"सुरुवातीला केलं. सहा वर्षं."

"तेव्हा कॅप्टनच्या कानाशी बसून बोलायचास?"

"कॅप्टननं पाण्यात फेकलं असतं."

"मग पुढं जा. दोरापाशी बस. तुला रेडिओ दिला. तेवढा तुझा."

पुढं येऊन बसलो. रेडिओचा माइक लांब वायरीनं इथवर येतो. राग आला होता. ती वळणं फार मोठी घेते. पण घासली नाही अजून कशालाच.

२१ ऑक्टोबर, क्लिफ्टन

हात अजून चिखलाचे आहेत. आधी लिहितो, मग धुतो.

सरोवर संपून पुन्हा नदी झालीय. अरुंद, दोन्हीकडे उंच कडे, वळणावर वळण. सकाळी अकराच्या सुमाराला रेडिओवर खालच्या बाजूला येणाऱ्या टोबोटीची हाक आली. पुढ्यात पंधरा बार्जेस. आमच्या समोरच्याच वळणावर. मी उत्तर दिलं, मिस पेगी, वर जातोय, कुठल्या बाजूनं काढू?

 मग, "हा आवाज... कॅप टॅकेट? ऑरिन टॅकेट?"

रँडल स्टोव्हॉल. ओहायोवर वीस वर्षं आम्ही एकमेकांना वाट दिली. समोरासमोर दोनदाच भेटलो असू.

"देवा रे, कॅप, तूच आहेस म्हणून सांगतो. वळणावर माझं शेपूट सगळी नदी झाडून काढणार. पाणी कमी आहे. दुसरा कुणी असता तर मागं फिर म्हटलं असतं. पण मागं तुला अर्धा मैल तरी जागा नाही, आणि मला थांबता येत नाही. तू उजवीकडचा लाल बोया सोडून आत घुस, काठाच्या वाळूला चिकटून. पंचवीस फुटांची पट्टी आहे, तिच्या आतल्या अंगाला बुंधे. तुला जमेल. तुझ्यासारखी नजर नदीवर कुणाची नाही."

रेडिओच्या त्या नंबरावर दहा मैलांतली प्रत्येक टोबोट ऐकत असते. मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. चाकावर लिओना होती, तिनं सगळं ऐकलं होतं. पण रँडल पंधरा बार्जेस वळवत होता तो माझ्या डोळ्यांच्या भरवशावर.

मी माइकचं बटण दाबलं. 

"रँडल, मला दिसत नाही. नजर गेली. बोट बायको चालवतेय. तिला सांग."

 कुणीतरी कुठंतरी बटण दाबून सोडलं. मग रँडलचा आवाज, बदललेला, हळू. "मॅडम, ऐकताय? जमेल तुम्हाला?"

मी माइक मागं नेऊन तिच्या हातात दिला.

"जमेल का ते विचारू नका," लिओना म्हणाली. "कुठं जाऊ ते सांगा."

त्यानं सांगितलं. तिनं एकेक शब्द परत म्हणून दाखवला. मग मला म्हणाली, "इथं पडद्यावर खोली उशिरा दिसते. पुढं जा आणि काठीनं बघ."

बारा फुटांची काठी कठड्याला बांधलेली होती, ती सोडून मी पुढच्या टोकाला पोटावर पडलो. काठी खाली घातली. वाळू लागली. "आठ!" ओरडलो. उचलली, पुन्हा घातली. "सात! सात! साडेपाच, डावीकडे घे!" बोट डावीकडे गेली. कसं लागतं ते हातांना कळत होतं. वाळू खसखसते, चिखल धरतो, लाकूड ठक करतं. "लाकूड! थांब! मागं!" ती थांबली. "आता ये. सहा. साडेसहा. सहा." आमचा तळ चार फुटांवर आहे.

मग टोबोट आली. मला ती अंगावर जाणवली. उजेड गेला, पाणी खाली ओढलं गेलं, बोट कण्हली आणि तळाला वाळू घासली. बार्जेसची पोलादी भिंत एकामागून एक, संपेचना.  लिओनानं इंजिन एका सुरात ठेवलं, ना जास्त, ना कमी. एवढ्या ओढीत बोट एका जागी धरणं शिकायला मला चार वर्षं लागली होती.

शेवटी मोठ्या इंजिनांचा धडधडाट आला आणि गेला. उजेड परत आला.

"फार छान धरलीत, कॅप्टन," रेडिओवर रँडल म्हणाला.

मी मान वर केली. तोंड उघडलं. मग कळलं की तो तिला म्हणत होता.

"थँक यू," लिओनानं उत्तर दिलं. "तुम्ही पण."

इथं क्लिफ्टनला चार वाजता लागलो. पुढचा दोर मी टाकला. पहिल्याच वेळी बसला, पण खुंटी तीनच हातांवर होती. नंतर पायऱ्यांवर बसलो आणि उठताच येईना.  मी म्हटलं, "लिओना, दोन दिवस राहू या का इथं?"

ती थबकली. "तू म्हणतोयस हे?"

"पाय थरथरतायत."

"माझेपण," ती म्हणाली आणि शेजारी बसली.  मग ती उठली, कठड्यापाशी गेली, परत आली, पुन्हा गेली.

"काय झालं?" मी विचारलं.

"वरच्या अंगाला अजून एक वळण दिसतंय," ती म्हणाली. "अजून दोन तास उजेड आहे, ऑरिन."